खाटेशेजारचं माणूस

चिखली तालुक्यातल्या गावांमध्ये घरोघरी जाऊन मी फिजिओथेरपी करतो. लकवा मारलेले, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले, पार्किन्सनमुळे पाय घासत चालणारे असे माझे पेशंट. सुरुवातीची काही वर्षं घरात शिरलो की मी थेट खाटेकडे जायचो. सांधे मोकळे करायचे, आखडलेली बोटं उघडायची, बसवून पाहायचं, की गाडी पुढच्या गावाकडे. खाटेशेजारी पाण्याचा तांब्या घेऊन एक बाई उभी असायची. तिच्याकडे मी कधी नीट पाहिलंच नाही.

एका वर्षी सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत ते पाहणं घडलं. सासूला अर्धांगवायू होऊन सात महिने झाले होते. सून पस्तिशीची. नवरा आणि मजूर वावरात, घरात या दोघीच. व्यायाम झाल्यावर मी म्हणालो, "ताई, आईंना जरा कुशीवर करा." तिनं वाकून सासूच्या काखेत हात घातले आणि तशीच अडकली. तिला सरळ होता येईना. चेहरा घामानं डबडबला. मी धरून बसवलं आणि कधीपासून दुखतंय ते विचारलं, तर म्हणाली, "मले काई नाई झालं सर, तुमी बुढीकडं पाहा."

तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. कंबर ताठलेली. रात्री किती झोपता, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं, कारण सात महिन्यांत सलग झोप अशी झालीच नव्हती. घरात दोन पेशंट होते आणि उपचार एकावर चालले होते.

त्या दिवशी मी सुनेला उचलण्याची रीत शिकवली. जुनं लुगडं चौपदरी घडी करून म्हातारीच्या खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली सरकवलं. वळवायचं ते माणसाला ओढून नाही, लुगड्याचा काठ धरून. आधी पलीकडचा गुडघा दुमडायचा, मग काठ मुठीत धरायचा, एक पाय पुढे एक मागे ठेवायचा आणि कमरेऐवजी स्वतःच्या अंगाचा भार मागच्या पायावर न्यायचा. वजन आपसूक कुशीवर येतं. खाट बुटकी होती, म्हणून चारही पायांखाली विटा घातल्या, खाट हलत नाही याची खात्री केली आणि एक बाजू भिंतीला लावली. तिसऱ्या खेपेला तिनं एकटीनं सासूला वळवलं आणि माझ्याकडे पाहून हसली. एवढं साधं काम सात महिन्यांत तिला कोणीही दाखवलं नव्हतं. दवाखान्यातून सुट्टी देताना गोळ्यांची चिठ्ठी मिळाली होती. माणूस कसा उचलावा हे त्या चिठ्ठीवर नव्हतं.

आणखीही गोष्टी सांगायच्या असतात. दर 2 तासांनी कूस बदलायची. माकडहाडावर किंवा टाचेवर लाली दिसली तर तिथे चोळायचं नाही, त्या जागेवरचा दाब काढायचा. लुळ्या हाताला धरून पेशंटला कधीच ओढायचं नाही, खांदा निखळतो. घास भरवताना पाठ टेकवून ताठ बसवायचं आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच ठेवायचं. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगायचं, कारण अन्न-पाणी श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया लकव्याच्या पेशंटचा जीव घेतो. हे सगळं तासाभरात शिकवता येतं. तो तास कोणी द्यायचा, हा प्रश्न आहे.

सांभाळणाऱ्याचं दुखणं लाडाचं नसतं. 1999 साली रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी अमेरिकेतल्या, आजारी जोडीदाराला सांभाळणाऱ्या वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सांभाळण्याचा ताण जाणवणाऱ्यांत, अशी जबाबदारी नसलेल्यांच्या तुलनेत, 4 वर्षांतला मृत्यूचा धोका 63 टक्क्यांनी जास्त आढळला. आमच्याकडे हे कोणी मोजलेलं माझ्या वाचनात नाही. पण सासू गेल्यावर वर्षभरात सुनेनंच अंथरूण धरल्याची घरं मी पाहिली आहेत.

मराठीत या माणसासाठी एक सुंदर शब्द रुळतो आहे: शुभंकर. पेशंट तो शुभार्थी आणि त्याला सांभाळणारा शुभंकर. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात हे शब्द सर्रास वापरतात आणि तिथे दोघंही सभेला येतात. कॅलगरीत प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी पत्नीच्या स्किझोफ्रेनियामुळे स्वतः शुभंकर झाले आणि त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. 2004 चा 'देवराई' हा चित्रपटही त्यांच्या पुढाकारानं झाला. त्यात आजारी भावाइतकीच त्याला सांभाळणारी बहीण महत्त्वाची आहे. मला त्या बहिणीत आमच्या गावांतल्या कितीतरी जणी दिसतात.

पुण्यासारखी सभा आमच्या खेड्यात भरत नाही. पण बचत गटाची बैठक भरते. मी त्या सुनेच्या गटातल्या बायकांना तिच्या देखत विचारलं, की सोंगणी संपेपर्यंत दुपारचे दोन तास कोण बसेल? आधी सगळ्या गप्प. मग एक म्हणाली, "मी मंगळवारी बसतो." मागोमाग चार वार भरले. मदत लागली तर सांगा, असं तोवर सगळ्याच म्हणत होत्या आणि तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. काम, वार आणि वेळ ठरवून मागितल्यावर माणसं आली. केरळात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. 1993 मध्ये कोझिकोडला वेदनाशमनाचं काम सुरू झालं आणि पुढे शेजारपाजारची माणसं आठवड्यातले काही तास ठरवून देऊ लागली, त्यातून गावोगावचं जाळं विणलं गेलं. त्या गावांतली माणसं आमच्यापेक्षा वेगळ्या मातीची नाहीत.

सरकारी वाटा आहेत, पण त्या खाटेपर्यंत चालत येत नाहीत. 65 च्या आतल्या निराधार पेशंटसाठी, लकवा आणि कर्करोग धरून, संजय गांधी निराधार अनुदान योजना. 65 पूर्ण केलेल्यांसाठी श्रावणबाळ योजना. 2023 मध्ये हे अनुदान महिन्याला 1,500 रुपये झालं. उत्पन्नाची अट कडक आहे आणि अर्ज तहसीलमध्ये. हात किंवा पाय कायमचा अधू राहिला असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं, पैसे न घेता सांभाळणाऱ्या घरच्या माणसालाही काळजीवाहू म्हटलं आहे आणि जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेखही त्यात आहे. मी जातो त्या एकाही घरात तो भत्ता आलेला मी पाहिलेला नाही, आणि याची मला चीड येते. वृद्धांच्या अडचणींसाठी 14567 आणि मनाच्या त्रासासाठी 14416 हे फोन फुकट आहेत. दुसरा नंबर पेशंटइतकाच सांभाळणारीचाही आहे. "आता मरून जावं वाटते," असं भांडी घासता घासता म्हणणाऱ्या बाईला मी तो माझ्याच मोबाइलवरून लावून दिला आहे. गावातल्या आशाताईंनाही बोलवा. तहसीलचा कागद कुठे अडतो ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

आधार मिळालाच नाही तर काय होतं, हे पाहायला दूर जावं लागत नाही. आमच्याच तालुक्यात पळसखेड सपकाळला नंदकुमार आणि आरती पालवे यांचं सेवासंकल्प प्रतिष्ठान आहे. रस्त्यावर सापडलेल्या बेवारस मनोरुग्णांना ही दोघं आणतात, आंघोळ घालतात, जखमा धुतात, जेवू घालतात, औषध देतात. तिथल्या माणसांकडे पाहताना माझ्या मनात त्यांच्या घरांचा विचार येतो. प्रत्येकजण कधीतरी कोणाच्या तरी घरात राहत होता. तिथे एखादी आई किंवा बहीण त्याच्यामागे धावली असेल, रात्री जागली असेल आणि एक दिवस थकली असेल. त्या थकलेल्या माणसाला दोष देणं मला जमत नाही. तिला वेळेवर दोन तास कोणी दिले असते तर, एवढंच वाटतं.

हा अंक पुण्या-मुंबईत, नाशकात वाचणारे पुष्कळजण दिवाळीला गावी येतील. आई किंवा बाबा अंथरुणावर असतील, तर येताना एअरबेड आणा, औषधांचा खर्च उचला, ते हवंच आहे. पण वर्षभर त्यांना सांभाळणारी वहिनी, बहीण किंवा भाऊ यांना, तू दमतेस का, एवढं विचारून थांबू नका. उत्तर "नाही" असंच येईल. भाऊबीजेच्या रात्री तिला दुसऱ्या खोलीत दार लावून झोपू द्या आणि खाटेशेजारी तुम्ही अंथरूण घाला. दर 2 तासांनी कूस बदलायची आहे. कशी, ते तिला आधी विचारून घ्या.