एकच माप

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानात वाढलेली ती मुलगी पुढे एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अध्यापिका झाली आणि चिप-आरेखनाची प्रयोगशाळा तिच्याकडे सोपवली गेली, तेव्हा घरात कोणालाच त्या कामाचा नीटसा अर्थ उमगला नव्हता. आई शेजारणींना ‘कॉम्प्युटरचे शिकवते’ एवढेच सांगे. अण्णांनी मात्र एकदा विचारले, “बाळ, तुमच्या त्या धंद्यात माल कोणता?”

“नकाशा,” ती म्हणाली. “नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर लाखो ट्रान्झिस्टर कुठे बसवायचे आणि त्यांना जोडणाऱ्या तारा कुठून न्यायच्या, याचा नकाशा. चिप तयार होते दूरच्या कारखान्यात.”

“म्हणजे माल गोदामात आणि सौदा कागदावर. आपल्यासारखेच की,” अण्णा म्हणाले आणि पुन्हा खतावणीकडे वळले.

प्रयोगशाळेत मध्यभागी एक वर्कस्टेशन होते. १९९५ च्या सुमारास घेतलेले, स्पार्क जातीच्या प्रोसेसरचे, युनिक्सवर चालणारे. युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये झाला. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी, एकमेकांच्या कामाला धक्का न लावता काम करावे, ही त्याची घडण. घरोघरचे संगणक दुबळे होते त्या काळात चिपचे अवजड नकाशे पेलण्याची ताकद अशा वर्कस्टेशनमध्येच होती. म्हणून चिप-आरेखनाची मोठी सॉफ्टवेअर युनिक्सवरच वाढली.

ते सॉफ्टवेअर सुरू करणे म्हणजे एखादे बटण दाबणे नव्हते. दुकान उघडताना जसे कुलूप काढण्यापासून वहीवर तारीख घालण्यापर्यंत सारे क्रमाने करावे लागते, तसाच येथेही एक क्रम होता. माणूस आपल्या नावाने यंत्रात शिरला की शेल नावाचा दारवान त्याची आरंभीची फाईल वाचतो. त्या फाईलमध्ये चार गोष्टी बिनचूक लिहिलेल्या असाव्या लागतात: सॉफ्टवेअर कोणत्या कप्प्यात ठेवले आहे, आज्ञा शोधण्याची वाट कोणती, चित्र कोणत्या पडद्यावर उमटवायचे आणि परवाना कोणाकडे मागायचा. एक स्वल्पविराम चुकला तरी ‘आज्ञा सापडली नाही’ एवढेच कोरडे उत्तर मिळते. विद्यार्थी घाईने सॉफ्टवेअरला दोष देत. ती शांतपणे म्हणे, “आधी आपली फाईल वाच.” दहापैकी नऊ वेळा चूक तिथेच असे.

सारे जुळले की चार अक्षरांची आज्ञा द्यायची आणि तिच्या शेवटी ‘अँड’चे चिन्ह टाकायचे, म्हणजे सॉफ्टवेअर मागे चालू राहते आणि आज्ञा देण्याची खिडकी मोकळी राहते. मग प्रथम एक लहान खिडकी उघडे, तिच्यातून नकाशांचे कोठार आणि शेवटी काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत पट्ट्यांचा तो नकाशा. पहिल्यांदा ते पाहणाऱ्या मुलांचे चेहरे बघणे तिला फार आवडे.

परवान्याची व्यवस्था तर तिला घरचीच वाटे. पडद्यामागे एक लहान प्रोग्रॅम सतत पहारा देत बसलेला असे. कोणी सॉफ्टवेअर उघडले की तो ‘आउट’ अशी नोंद करी, बंद केले की ‘इन’. नोंदीत नाव, यंत्र आणि वेळ सारे असे. महाविद्यालयाकडे पाच परवाने होते. सहाव्याने मागितला की त्याला नकार आणि नकाराचीही नोंद. ही जमा-नावेच होती. परवान्याची फाईलही मोठी चोख. यंत्राचा क्रमांक, परवान्यांची संख्या, मुदतीची तारीख आणि शेवटी या सगळ्यांवरून गणिताने काढलेली एक लांबलचक सही. वरचे एक अक्षर जरी बदलले तरी सही जुळत नाही आणि पहारेकरी दार उघडत नाही.

यंत्राचा हा क्रमांक म्हणजे आठ स्थानांची ओळख. अंकांत ए ते एफ ही अक्षरेही मिसळलेली. ‘होस्टआयडी’ ही आज्ञा दिली की यंत्र तो सांगते. तो जपून ठेवला होता एका छोट्या चिपमध्ये, जिच्या पोटातच बॅटरी होती. यंत्र बंद असतानाही वेळ आणि ओळख विसरू नये, यासाठी ती बॅटरी. मात्र अशा बॅटरीलाही आयुष्य असते, साधारण दहा वर्षांचे.

२००५ च्या जूनमध्ये सुट्टी संपवून तिने प्रयोगशाळा उघडली आणि यंत्र चालू केले. पडद्यावर ओळख अवैध असल्याचा संदेश आला. क्रमांकाच्या जागी आठही ‘एफ’. सुट्टीभर बंद राहिलेल्या यंत्रातली बॅटरी संपली होती आणि ते स्वतःचे नावच विसरले होते. परवान्याचा पहारेकरी अशा अनोळखी यंत्राला कशी दाद देणार? पदव्युत्तर वर्गाच्या आठ मुलांचे नकाशे महिनाअखेरीस पूर्ण व्हायचे होते.

ती डगमगली नाही. प्रयोगशाळा हाती आली त्याच दिवशी तिने दुकानातून आणलेल्या लाल कापडी वहीत प्रत्येक यंत्राचा क्रमांक लिहून ठेवला होता. सहकारी तेव्हा हसले होते. आता तिने वही काढली, कपाटातली परवान्याची फाईलची छापील प्रत काढली आणि यंत्र उघडून त्या चिपवरची चिकटपट्टीही पाहिली. तिन्ही ठिकाणचा ताळा जमला. मग ‘ओके’ असा संकेत दाखवणाऱ्या त्या यंत्राच्या आरंभीच्या अवस्थेत तिने सोळा घरांत एकेक संख्या भरली. शेवटचे घर आधीच्या पंधरांच्या पडताळणीचे, जणू पानाच्या तळाची बेरीज. घड्याळ लावले, यंत्र पुन्हा सुरू केले. आज्ञा दिली. लहान खिडकी उघडली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. नवी चिप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येईपर्यंत यंत्र एक क्षणही बंद करू नये, अशी पाटी तिने दारावर लावली आणि विक्रेत्यालाही घडलेले सारे पत्राने कळवले.

ही हकिकत तिने पुण्याला काकांकडे गेली असताना कौतुकाने सांगितली. चार दिवसांनी चुलतभावाचा फोन आला. तो तिच्याहून मोठा. नुकताच त्याने प्रशिक्षण वर्ग काढला होता.

“अगं, तसलेच एक जुने यंत्र मी भंगारातून घेतले आहे. तुझ्या यंत्राचा नंबर त्यात घातला की चालेल ना? सीडी तुझ्याकडे आहेतच. परवान्याची फाईल तर फ्लॉपीवर मावते.”

“दादा, तो परवाना महाविद्यालयाचा आहे.”

“तुमचा कुठे कमी होतो? तुझे तुझ्याकडे राहीलच. वीस मुले आहेत माझ्याकडे. त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे.” थोडे थांबून तो म्हणाला, “तुझ्या शिक्षणाच्या वेळी बाबांनी काही विचारले नव्हते.”

ते खरे होते. हळदीचा भाव कोसळला त्या वर्षी तिची फी काकांनी भरली होती. आणि दादा म्हणत होता ते चालले असते, हेही तिला ठाऊक होते. दोन यंत्रे दोन गावांत, एकमेकांना न जोडलेली. कोणाला कळणार नव्हते. तीच सोळा घरे, तीच बोटे, तेच दहा मिनिटांचे काम.

रविवारी ती दुकानात गेली तेव्हा अण्णा वजने पुसून ओळीने लावत होते. शिक्क्याची मुदत भरत आली होती. लोखंडी वजनाच्या तळाशी एक खळगा असतो, त्यात शिसे ओतलेले असते आणि त्या शिशावर निरीक्षकाचा शिक्का. वापरून वजन झिजले की शिसे भरून ते पुन्हा पुरते करून घ्यायचे आणि नवा शिक्का घ्यायचा. लहानपणापासून तिने ते पाहिले होते.

तिने सारे सांगितले. अण्णांनी मध्ये एकदाही तोंड उघडले नाही. मग विचारले, “तू तुझ्या यंत्रात नंबर भरलास, तो कोणाचा?”

“त्याच यंत्राचा, अण्णा.”

“आणि पुण्याच्या यंत्रात भरायचा तो?”

“तोही ह्याच यंत्राचा.”

अण्णांनी हातातले वजन उलटे करून शिक्क्यावरून अंगठा फिरवला. “झिजलेले वजन भरून घेतले तर ते खरेच राहते. पण हाच शिक्का दुसऱ्या लोखंडावर ठोकला तर गिऱ्हाईक कशावर विश्वास ठेवील?” वजन जागेवर ठेवून ते म्हणाले, “काकांचे देणे माझ्या खात्यावर आहे, बाळ. ते त्या यंत्राच्या खात्यावर टाकू नकोस.”

त्या रात्री तिने फोन केला. “दादा, नंबर देणार नाही. पण मी स्वतः येते. दोन रविवार दे मला.” पलीकडून “बघ तुला जमेल तसे” एवढेच उत्तर आले.

ती गेली ती वेगळ्या सामानासह. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठाने चिप-आरेखनाची काही साधने जगाला खुली करून दिली आहेत. विद्युत्-मंडलाचे वर्तन गणिताने तपासणारे ‘स्पाइस’ १९७० च्या दशकातले, नकाशा काढण्याचे ‘मॅजिक’ १९८० च्या दशकातले. परवाना मागणारा पहारेकरी त्यांना नाही. साध्या संगणकावर लिनक्स चढवून ती चालवता येतात. पहिल्या रविवारी काही जमले नाही. मूळ संहितेवरून सॉफ्टवेअर बांधताना खिडक्या काढणाऱ्या साधनसंचाचा एक भाग कमी पडला आणि काम अर्ध्यावर थांबले. दादा दारातून डोकावून गेला, काही बोलला नाही. दुसऱ्या रविवारी तो भाग मिळाला, नकाशाचे नियम सांगणारी फाईल जागेवर बसली आणि खिडकी उघडली. तिने हिरवी पट्टी ओढली, तिच्यावरून लाल पट्टी आडवी नेली. “हा ट्रान्झिस्टर,” ती मुलांना म्हणाली. पट्ट्या नियमापेक्षा जवळ आल्या की मॅजिक तिथल्या तिथे पांढरे ठिपके दाखवते. मुले ते ठिपके आणण्या-घालवण्यात रंगून गेली.

सगळेच गोड झाले नाही. नोकरीच्या जाहिरातींत ज्या सॉफ्टवेअरचे नाव असे, ते येथे नव्हते. वीसपैकी तेरा मुले फी परत मागून गेली. दादाने तिला तसे कळवले आणि नंतर फोन बंद झाले. राखीपौर्णिमेला तिने पाठवलेल्या राखीची पोच काकूंकडून आली.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अण्णांनी नव्या वहीचे पहिले पान उघडले, तेव्हा काका आणि दादा दुकानाच्या पायऱ्या चढत होते. दादा बराच वेळ अण्णांशी हळदीच्या भावाविषयी बोलत राहिला. मग तिच्याजवळ येऊन बसला. खिशातून घडी घातलेला छापील कागद काढून त्याने तिच्यापुढे धरला. रंगीत पट्ट्यांचा नकाशा होता, उरलेल्या सात मुलांपैकी एकाने काढलेला.

“हे पांढरे ठिपके काही केल्या जात नाहीत,” तो म्हणाला. “काय चुकते आहे?”

तिने कागद दिव्याजवळ नेला. “ह्या दोन तारांमधले अंतर मोज, दादा.”