बेट्टा माशाचें बिऱ्हाड

पेल्याएवढ्या बाटलींत एकटाच ठेवलेला, लांबलचक परांचा तांबडा किंवा निळा मासा वाचकांनीं बाजारांत पाहिला असेल. इकडे त्यास 'फायटर' म्हणतात. विकणारा सांगतो कीं, ह्यास जागा लागत नाहीं, हा वरची हवा घेऊन जगतो. ह्यांतील अर्धेंच खरें आहे, आणि त्या अर्ध्या सत्यापायीं पुष्कळ मासे मरतात, असें आमचें मत आहे.

हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आतांच्या थायलंडचा. चार्ल्स टेट रेगन ह्या प्राणिशास्त्रज्ञानें १९१० सालीं त्यास 'बेट्टा स्प्लेंडेन्स' हें शास्त्रीय नांव दिलें; २०१९ सालीं थायलंडनें त्यास आपला राष्ट्रीय जलचर ठरविलें. तेथील भातखाचरांच्या संथ, उथळ पाण्यांत प्राणवायु कमी असतो, म्हणून कल्ल्यांजवळच्या एका निराळ्या इंद्रियानें तो वरची हवा घेतो. परंतु त्याच्याच मलापासून होणारा अमोनिया बाटलीभर पाण्यांत लवकर सांचतो व कल्ले पोळून काढतो. तेथें वरची हवा काय करणार? आम्ही त्यास २० लिटरांची काचेची पेटी दिली. वर झाकण, कारण हा उड्या मारतो. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें, आणि उष्णता २४ ते २८ अंश राखावी. हिंवाळ्यांत लहानसा हीटर लागतो.

पिलें व्हावीं अशी इच्छा झाली तेव्हां निराळ्या पेटींत वीतभर पाणी घेऊन देशी बदामाचें एक वाळलेलें पान सोडलें. मादी प्रथम काचेआड ठेविली. नरानें तोंडानें हवेचे चिकट बुडबुडे काढून पानाखालीं घरटें रचिलें. मग मादीस आंत सोडतांच त्यानें तिला विळखा घातला. अंडीं खालीं पडूं लागलीं, तीं तोंडांत झेलून त्यानें एकेक बुडबुड्यांत बसविलीं. काम आटोपतांच तो मादीवर धांवून जातो. तिला त्याच क्षणीं बाहेर काढावें.

पुढें संगोपन सर्व बापाकडे. (नांवांत 'बेटा' आणि अंगीं बापाची जबाबदारी!) दीड दिवसानें अंडीं फुटलीं. केंसाएवढीं पिलें शेपटी खालीं करून लोंबत, गळून पडत, आणि तो प्रत्येकास पुन्हां वर नेऊन ठेवी. विजेरीच्या उजेडांत घरांतील सर्व मंडळी हें पाहात बसली. जेवणाची आठवण कोणास राहिली नाहीं. तीन दिवसांनीं पिलें आडवीं पोहूं लागलीं, तेव्हां बापासही हलविलें, कारण तो तीं खाऊंही शकतो. पिलांस आधीं पाण्यांतील सूक्ष्म जंतु, मग ताजे आर्टेमिया.

खरा प्रश्न पुढेंच आहे. एका खेपेस शेंकडों पिलें होऊं शकतात, आणि दोन-तीन महिन्यांचे झाले कीं नर एकमेकांचे पर फाडतात. प्रत्येकास निराळी बरणी हवी. म्हणून नवशिक्यानें जोडी लावण्यापूर्वीं बरण्या मोजाव्या. आमचीं ४१ पिलें वांचलीं. त्यांत नर १९. जो पेटी दाखवी त्यासच मासा, असा नियम आम्ही केला, व ११ नर मार्गीं लागले.

एक गृहस्थ दोन नर एकदम मागूं लागले. दोन पेट्या आहेत काय, असें विचारतां ते म्हणाले, "एकच पुरे, मौज पाहावयाची आहे." त्यांस आम्ही एकही मासा दिला नाहीं. उरलेल्या ८ नरांचें पाणी अजून आम्हीच बदलतों.