काट्यावर न दिसणारी चरबी

शाळा-तपासणीच्या पथकात डॉक्टर म्हणून मी शिरूर तालुक्यातली गावं फिरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा वर्षातून एकदा आणि अंगणवाड्या दोनदा तपासायच्या असतात. आमची नजर आधी जाते ती किडकिडीत मुलांकडे, आणि ते योग्यच आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३६ टक्के मुलं कमी वजनाची निघाली होती. पण त्याच सर्वेक्षणात देशातल्या याच वयाच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण चारपाच वर्षांत २.१ वरून ३.४ टक्क्यांवर गेलेलं दिसतं. गावात ते कसं वाढतं, हे मी रोज बघते.

सातवीतला एक मुलगा आठवतो. दंड बारीक, गालही बसलेले. काट्यावर वजन अगदी तक्त्यात बसणारं. शर्ट मात्र पोटावर ताणलेला. मी कमरेला टेप लावली, तर घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला; चरबी साठली होती ती पोटावर.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी जवळजवळ तेवढीच. म्हणजे आपलं सडपातळ दिसणारं मूलही चरबीची ठेव घेऊनच जन्माला येतं. पुढे त्यात भर कशाची पडते, ते शाळेसमोरच्या टपरीवर पाकिटांत लटकलेलं असतं. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांत असे जादा चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२०मध्ये झाला. आमच्या गावांत तो कुणी ऐकलेलाही नाही.

त्या मुलाची आई रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटावर. पहाटेच्या शिफ्टला जाताना उशाशी दहाची नोट ठेवून जाते. एक पाकीट, एक गोड पेय, झाली न्याहारी. मी आजीला समजावू लागले, तर ती म्हणाली, ‘‘मॅडम, पोरगं खातंय तर खाऊ द्या की. याच्या बापाला या वयात पोटभर भाकर मिळाली नाही.’’ या बोलण्यापुढे तक्ता काढून दाखवणं मला जमत नाही, जमू नये असंही वाटतं. दुष्काळ बघितलेल्या बाईला भरलेलं पोट हेच सुख वाटणार.

पुण्यात माझ्या बहिणीची मुलगीही लठ्ठपणाकडे झुकली होती. शाळा, क्लास, मोबाइल. सोसायटीच्या आवारात चेंडू खेळायला बंदी. पण बहिणीनं आहारतज्ज्ञ गाठली, पोहण्याचा क्लास लावला, वर्षभरात फरक पडला. शहरातल्या लठ्ठपणाबद्दल लिहिताना आपण मुलांच्या जिभेला आणि आईबापांच्या लाडाला दोष देतो. मला त्यात अर्धवटपणा दिसतो. बहिणीकडे उपाय विकत घ्यायला पैसा होता. शहरातल्या वस्तीतल्या आईकडे तो नसतो, आणि शिफ्टवरून येऊन गोठ्यात शिरणाऱ्या आईकडे ना पैसा, ना वेळ.

त्या सातवीतल्या मुलाला मी रक्तातली साखर तपासायला पाठवलं. आजीच घेऊन गेली. साखर हद्दीवर निघाली, तशी ती हादरली. आता सकाळी ती स्वतः भाकरी थापते, दूध नाहीतर मटकीची उसळ देते, दहाची नोट काढून घेते. संध्याकाळी त्याला शेतात पिटाळते. शाळेची व्हॅनही बंद करू का, असं तिनं मला विचारलं. शाळा दोन किलोमीटरांवर. त्याचा बाप तेवढं रोज पायी जायचा. पण आता मध्ये पुणे-नगर महामार्ग आहे, त्यावर रात्रंदिवस कंटेनर धावतात, आणि ओलांडायला धड जागा नाही. त्या रस्त्यानं पोराला चालत पाठवा, असं मी तिला सांगू शकले नाही.