द्राक्षबागेतले चार दिवे

बेळगावहून मिरजेकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये खिडकीची जागा मिळाली की मी आजही शाळकरी होतो. घटप्रभा, रायबाग, मायाक्काची चिंचली, कुडची अशी स्टेशने मागे पडतात. कुडची सोडली की गाडीचा आवाज बदलतो आणि खाली कृष्णा दिसते. लहानपणी आई या पुलावर आम्हाला नदीला हात जोडायला लावायची आणि पाच पैसे टाकायला द्यायची. आता पाच पैसे नाहीत, पण हात अजून आपोआप जोडले जातात. पूल संपला की उगार. साखर कारखान्याचं गाव. तिथं उतरून अथणीची बस धरायची, की आजोळ जवळ आलं.

या वेळी मात्र मी सुट्टीला निघालो नव्हतो. माझ्या पिशवीत फराळाच्या डब्याशेजारी मल्टिमीटर, पक्कड, वायर सोलायची कात्री आणि इन्सुलेशन टेप होती. मामेभावाचा, म्हणजे आमच्या दादाचा, फोन आला होता. "ट्रॅक्टरला दिवे बसवायचेत. तुझा डिप्लोमा एकदा आमच्या कामाला येऊ दे की."

अथणीच्या पुढे तेलसंगच्या दिशेला निघालं की उसाचा हिरवा पट्टा मागे पडतो. नदी लांब राहते, पाऊस कमी होतो, हवा कोरडी होते. हीच कोरडी हवा द्राक्षाला आणि बेदाण्याला मानवते. रस्त्याच्या कडेला जाळीच्या मजल्यांच्या उंच शेड दिसायला लागल्या की समजायचं, बेदाण्याचा मुलूख आला. बसमध्ये कंडक्टर कानडीत तिकीट विचारतो, शेजारची बाई मराठीत उत्तर देते आणि दोघांनाही त्यात काही वेगळं वाटत नाही. आमच्या मामाचं बोलणंही तसंच. हिशेब मराठीत, बाजार कानडीत आणि राग आला की दोन्ही.

मामाची बाग चार एकर, मांडव पद्धतीची. मांडव म्हणजे लोखंडी अँगल आणि तारांवर पसरलेलं हिरवं छतच. दोन ओळींत नऊ फुटांचं अंतर आणि छत डोक्याला लागेल एवढ्या उंचीवर. मोठा ट्रॅक्टर इथं शिरूच शकत नाही. म्हणून चोवीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे सहाशे लिटरच्या टाकीचा ब्लोअर. ट्रॅक्टरच्या पीटीओवर पंप आणि पंखा फिरतो, अर्धगोलात बसवलेल्या नोझलमधून औषधाचं धुकं उडतं आणि पंख्याचा वारा ते पानांच्या खालच्या बाजूपर्यंत नेतो.

शहरातल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो की हे काम रात्री कशाला? मलाही पडायचा. उत्तर ऑक्टोबरच्या पावसात आहे. द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमधली खरड छाटणी, ती काडी तयार होण्यासाठी आणि ऑक्टोबरमधली छाटणी फळासाठी. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी पानं आणि त्यांच्याबरोबर बारीक घड बाहेर येतात. नेमका त्याच दिवसांत परतीचा किंवा अवकाळी पाऊस आला, पानं तासन्‌तास ओली राहिली, की डाऊनी येते. इकडे तिला केवडाही म्हणतात. पानावर तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी, आणि घडावर गेली की त्या वर्षाचा खेळ संपला. वर्षभराचं खत, मजुरी, बँकेचं कर्ज, सगळं त्या बोटभर घडावर उभं असतं. पाऊस संध्याकाळी थांबला तर सकाळची वाट बघायला वेळ नसतो. शिवाय रात्री वारा पडलेला असतो, औषध उडून शेजाऱ्याच्या रानात जात नाही आणि उन्हानं पटकन वाळतही नाही.

म्हणजे रात्र टळत नाही. आणि कंपनीनं दिलेले दोन हेडलाइट फक्त पुढचं बघतात. खरं काम तर मागे चाललेलं असतं. कुठलं नोझल तुंबलं, कुठली फांदी पंख्यात अडकली, टाकी गळते का, हे काहीच दिसत नाही.

मागच्या वर्षी दादानं स्वतःच उपाय केला होता. पंचावन्न वॅटचे दोन हॅलोजन आणले आणि हेडलाइटची वायर सोलून तिथूनच करंट घेतला. गणित साधं आहे. वॅटला व्होल्टनं भागलं की अँपियर मिळतात. एकशे दहा भागिले बारा, म्हणजे नऊ अँपियर जास्तीचे, आणि तेही हेडलाइटच्या बारीक वायरीतून आणि तेवढ्याशा स्विचमधून. चौथ्या ओळीच्या मध्यावर जळका वास आला, स्विच वितळला आणि हॅलोजनबरोबर हेडलाइटही गेले. अंधारात ओळीचा शेवट कळला नाही. ओळीच्या टोकाला शेततळं आहे. पुढचं चाक त्याच्या बांधावर चढलं तेव्हा दादानं ब्रेक मारला. तळ्याला कुंपण नव्हतं.

घरी हे कुणी फार बोलत नाही. पण त्यानंतर मामीनं एक गोष्ट सुरू केली. रात्री ट्रॅक्टर निघाला की तीही बॅटरी घेऊन निघायची. ओळीच्या टोकाला उभी राहायची, ट्रॅक्टर आला की पुढच्या ओळीच्या टोकाला जायची. तोंडावर पदर, बाकी काही नाही. औषधाचं धुकं अंगावर यायचं, सकाळी डोळे चुरचुरायचे. दादा ओरडायचा, मामा ओरडायचा, ती ऐकायची नाही. फोनवर दादा दिव्यांबद्दल बोलत होता, पण त्याला काय म्हणायचं होतं ते मला समजलं होतं.

मामाचा मात्र दिव्यांवर राग होता. मी पोचलो तेव्हा तो कट्ट्यावर बसून तंबाखू मळत होता.

"कशाला रे आणखी दिवे? एकदा जळालं ते बास झालं की. बैलाला कुठं दिवं होतं?"

आतून मामीचा आवाज आला, "बैलाला डोळं होतं. ह्याला कुठं हाईत?"

मामा तंबाखू मळत राहिला. मी ती परवानगी समजलो.

दुसऱ्या दिवशी दादा आणि मी अथणीला गेलो. चपलांच्या दुकानांवरून जाताना दादा म्हणाला, "जाताना एक जोड घेऊन जा, कोल्हापुरी म्हणतात, पण हात अथणीचे असतात." खरंच आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात आपला बेळगाव जिल्हा आहे.

ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात आम्ही अठरा वॅटचे चार एलईडी दिवे घेतले. चार मिळून बहात्तर वॅट, म्हणजे सहाच अँपियर. मागच्या वर्षीच्या दोन हॅलोजनपेक्षाही कमी, आणि उजेड जास्त. छोट्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर मोठ्या गाडीसारखा नसतो, त्याच्या जिवावर किती ओझं टाकायचं याचा विचार आधी करायचा. शिवाय दोन रिले, दोन स्विच, फ्यूजची डबी, अडीच स्क्वेअर एमएमची वायर आणि तिच्यावर चढवायला खाचांचा प्लास्टिक पाइप घेतला. दुकानदार झगझगीत पांढरे दिवे दाखवत होता. मी पिवळसर मागितले. धुक्यात अगदी पांढरा प्रकाश डोळ्यांवर उलटा येतो.

काम सुरू करताना आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढला. मामा लांबून बघत होता, तो आता स्टूल घेऊन जवळ आला.

"हे पहिलं का काढलंस?"

"पाना चुकून लोखंडाला लागला तर ठिणगी पडू नये म्हणून."

"मागच्या वर्षी काढलं नव्हतं," मामा दादाकडे बघत म्हणाला. दादा पाइप कापण्यात गर्क झाला.

मग मी मामाला दाखवत गेलो. नवी वायर थेट बॅटरीवरून घ्यायची, हेडलाइटला हातही लावायचा नाही. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, दहा अँपियरचा. पुढं कुठंही वायर घासली, लोखंडाला टेकली, तर आधी फ्यूज उडेल, वायर पेटणार नाही. मग रिले. रिले म्हणजे गड्याकडून काम करून घेणारा मुकादम. हातातल्या स्विचमधून नुसता इशारा जातो, दिव्यांचा करंट रिले वाहतो. त्याच्या पायांवर आकडे असतात. तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला दिवा, पंच्याऐंशी आणि शहाऐंशीला इशाऱ्याची वायर आणि अर्थिंग. इशारा चावीवरून घेतला, म्हणजे चावी काढली की दिवे बंद. रात्री कुणी विसरलं तरी सकाळी बॅटरी उतरलेली सापडणार नाही. एवढ्या एलईडीला रिले नसता तरी चांगल्या स्विचनं भागलं असतं, पण वितळलेला स्विच बघितल्यावर मला या घरात तो धोका नको होता.

दिवे लावायचे कुठे, हा खरा पेच होता. शेतात काम करणाऱ्या मोठ्या ट्रॅक्टरला दिवे वर, टपावर असतात. इथं वर वेलींचं छत. मागचा रोलबारसुद्धा दुमडूनच आत जावं लागतं. वर लावलेला दिवा पहिल्याच ओळीत तारेत अडकला असता. म्हणून दोन दिवे पुढं बंपरवर, थोडे बाहेरच्या बाजूला वळवून, म्हणजे दोन्हीकडची खोडं आणि ओळीचं टोक दिसेल. दोन मागच्या मडगार्डवर, ब्लोअरकडे तोंड करून. अर्थिंगसाठी चासीवरचा रंग पॉलिश पेपरनं घासून लोखंड उघडं केलं. गंधक आणि तांब्याची औषधं जोडण्या खातात, म्हणून प्रत्येक जोडणीवर ग्रीस लावलं. वायर सायलेन्सरपासून आणि पीटीओच्या शाफ्टपासून लांब नेली आणि दर वीतभर अंतरावर टायनं बांधली.

मीटर लावला. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्ट, चालू केल्यावर चौदा, चारही दिवे लावल्यावर तेरा पूर्णांक आठ. मामा वाकून आकडा बघत होता. "एवढंच उतरलं?" एवढंच.

एक गोष्ट मी दोघांकडून कबूल करून घेतली. रस्त्यावर आलं की मागचे दिवे बंद. मागून येणाऱ्याला ते समोरून आलेल्या गाडीसारखे दिसतात. शिवाय ब्लोअरच्या मागे दोन लाल रिफ्लेक्टर लावले. गळीत हंगामात उगारच्या बाजूला अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉल्यांवर आदळून किती घरं बसली, हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस आलाच. नऊला थांबला. पानं निथळेपर्यंत वाट बघितली आणि अकराच्या सुमारास दादा मास्क, गॉगल, हातमोजे घालून बसला. पहिल्या ओळीतच माझी चूक कळली. मागचे दिवे नोझलच्या सरळ रेषेत होते. दादाला मागे बघितलं की पांढरी भिंतच दिसायची. ट्रॅक्टर थांबवला, दिवे थोडे खाली आणि बाजूला वळवले, प्रकाश धुक्यात न जाता धुक्याच्या कडेला पडेल असे. मग प्रत्येक नोझलचा फवारा वेगळा दिसायला लागला. सहाव्या ओळीत डावीकडचं तिसरं नोझल तुंबलेलं त्याला बसल्या जागेवरून दिसलं. पंखा बंद करून त्यानं ते तिथंच साफ केलं. मागच्या वर्षी अशाच एका नोझलपायी तीन ओळी वरून कोरड्या राहिल्या होत्या आणि ते आठवड्यानं डाग पडल्यावर कळलं होतं.

ओळीच्या टोकाला शेततळ्याचा बांध लांबूनच दिसत होता. मामानं या वर्षी त्याला काटेरी तारेचं कुंपणही घातलं आहे. दिवा लावला म्हणून कुंपण नको, असं होत नाही.

मामी बाहेर आली होती. हातात तीच बॅटरी. पण बागेत गेली नाही, माझ्याजवळ कट्ट्यावर बसली. दोन ओळी होईपर्यंत बघत राहिली. बागेच्या आतून तो उजेड हळूहळू सरकत होता, पानांच्या फटींतून तुकड्या-तुकड्यानं दिसत होता.

"टोकाला वळताना दिसतंय ना त्याला?" तिनं विचारलं.

"दिसतंय मामी."

"तळं?"

"तळंसुद्धा."

थोड्या वेळानं ती उठली. "मग मी पडते जरा. चहाचं पातेलं चुलीवर आहे, तो आला की गरम करून दे." बॅटरी तिनं खिडकीत ठेवली. पावसाळी रात्री ट्रॅक्टर बागेत असताना मामी झोपायला गेली, हे मामा दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी दोनदा म्हणाला.

शेजारच्या रानातले काका सकाळी येऊन दिवे बघून गेले. "भाळ चलो आगेद," म्हणाले. खूप छान झालंय. मामानं त्यांना स्विच दाबून दाखवला, फ्यूज कुठं आहे तेही दाखवलं. बैलाचा विषय निघाला नाही.

मी उगारला परत येऊन गाडी धरली. पुलावर हात जोडले. बेळगावला पोचतो तोच मामाचा फोन. मला वाटलं, काही जळालं.

"अरे, त्या रिलेचं सांग. शेजाऱ्याचा पण ट्रॅक्टर करायचाय. तीसला बॅटरी आणि सत्त्याऐंशीला दिवा, बरोबर ना?"