डच घरातील पाहुणा

डच समाजात भेट आधी ठरवूनच घेतली जाते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी, न कळवता दार वाजवणे यजमानाला अवघडून टाकते; त्यामुळे नेदरलँड्समधील आम्स्टेलवेन शहरात नव्याने राहू लागलेल्या मराठी कुटुंबाला सहज डोकावण्याची सवय आवरावी लागते. वाढदिवसाला गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर बसण्यापूर्वी पाहुणा केवळ उत्सवमूर्तीचेच नव्हे, तर तिच्या आईवडिलांचे व जोडीदाराचेही अभिनंदन करतो. सर्वांच्या जन्मतारखा लक्षात राहाव्यात म्हणून वारांविना छापलेले, दरवर्षी चालणारे वाढदिवसांचे कॅलेंडर बहुधा शौचालयात टांगलेले असते, तर कचेरीत ज्याचा वाढदिवस, त्यानेच सहकाऱ्यांसाठी केक आणायचा असतो. आगाऊ ठरवलेली भेट कोरडी वाटते खरी, परंतु तेवढा वेळ यजमान सर्वस्वी पाहुण्याचाच असतो, हे ध्यानी घेतले की अनेक चुका आपोआप टळतात.