आडबाजूचं शिखर

फिन्स्टरआरहॉर्न हे बर्नीज आल्प्समधलं सर्वांत उंच शिखर; उंची ४,२७४ मीटर. तरी स्वित्झर्लंड पाहून आलेला माणूस नाव घेतो ते युंगफ्राऊचं, नाहीतर आयगरचं. दोन्ही त्याच्याहून ठेंगणी. पण ती दरीच्या तोंडाशी उभी आहेत आणि आयगरच्या पोटातून आगगाडीही धावते. फिन्स्टरआरहॉर्न मागे, हिमनद्यांच्या वेढ्यात. म्हणून ते दुर्गम ठरलं. माझ्या मते हा दुर्गमपणा शिखराच्या अंगचा नाही; आपण रस्त्यावरून पाहतो म्हणून तो दिसतो.

पाण्याच्या वाटेने पाहा, म्हणजे हेच शिखर मध्यावर येतं. त्याच्या पूर्वेचं बर्फ वितळून आरे नदीला मिळतं. ती बर्न शहराला वळसा घालून ऱ्हाइनला भेटते, आणि त्या संगमाशी ऱ्हाइनपेक्षा आरेचंच पाणी जास्त असतं. पश्चिमेकडच्या फीशर हिमनदीचं पाणी ऱ्होनमधून भूमध्य समुद्राकडे जातं. एका कड्याच्या दोन अंगांना दोन समुद्र वाटून दिलेले आहेत. यावर कोणी म्हणेल, पाणी वाटते ती डोंगराची धार. टोक शे-दोनशे मीटरांनी खुजं असतं तरी नद्या याच वाटांनी गेल्या असत्या. हे खरंच आहे. पण त्यामुळे माझं म्हणणं उलट पक्कं होतं: शिखर म्हणजे नकाशावरचा सुटा त्रिकोण नव्हे, धारा जिथे एकत्र येतात ती गाठ आहे. अशी गाठ एकटी कशी असेल?

दुसरा आक्षेप पायांचा आहे: तिथे पोचणं अवघड, ते कसं नाकारणार? नाकारायचं कारणच नाही. १८२९ साली निसर्गशास्त्रज्ञ फ्रान्झ योझेफ हुगी शिखराखालच्या खिंडीतच थांबला. माथा गाठला तो त्याच्या दोन वाटाड्यांनी. पण ही अडचण बरीचशी बर्फाची आहे, आणि बर्फ स्थिर नसतं. हुगीने १८२७मध्ये उंटरआर हिमनदीवर बांधलेली झोपडी पुढे हिमनद्यांचा अभ्यासक लुई अगासी याला मूळ जागेपासून किलोमीटरभराहून अधिक खाली सरकलेली आढळली. हिमनद्या वाहतात याचा तो ठोस पुरावा ठरला. आज त्याच हिमनद्या आक्रसत चालल्या आहेत. वाट आणखी बिकट होईल की सोपी, हे जागोजागी वेगळं ठरेल. आरेच्या उन्हाळी पाण्यातला बर्फाचा वाटा मात्र घटत जाईल. त्या बदलाची झळ शिखरावर न गेलेल्यांनाच अधिक लागणार आहे. तेव्हा शिखराचं अंतर चढणाऱ्याच्या पावलांनी मोजणं अपुरं आहे. ते पाणी पिणाऱ्यांच्या संख्येनेही मोजावं.