नातवासह व्हिएन्ना नगरींत

म्हातारपणीं प्रवास करावा तो तीर्थयात्रेचा, असें आमच्या वडिलांचें मत होतें व आम्हांसही तें मान्य होतें. परंतु चिरंजीव नोकरीनिमित्त जर्मनींतील म्युनिक शहरीं जाऊन राहिले, तेथेंच नातवाचा जन्म झाला, आणि गेल्या हिवाळ्यांत आम्हां उभयतांस तिकडे जाण्याचा योग आला. त्या मुक्कामांत डिसेंबरमधील तीन दिवस साधून चिरंजीवांनीं आम्हांस व्हिएन्ना नगरी दाखविली. सूनबाईंस रजा नव्हती. तेव्हां चिरंजीव, आम्ही उभयतां व पांच वर्षांचा नातू असे चौघे निघालों. लहान मूल बरोबर घेऊन ऐन थंडींत परमुलखांतील शहर कसें पाहावें, हें वाचकांस सांगावें म्हणून लेखणी हातीं घेतली आहे. परंतु त्यापेक्षां अधिक कांहीं आम्हीच तेथें शिकलों, तेंही सांगणें प्राप्त आहे.

म्युनिकहून व्हिएन्ना आगगाडीनें सुमारें चार तासांवर. खिडकीबाहेर बर्फानें झांकलेलीं शेतें पाहून बाळ हर्षभरित झाला. "आजोबा, तो झाड बघा! पांढरा झालाय!" जन्मभर शाळेंत संस्कृत व मराठी शिकविल्यामुळें आमच्या कानांस अशुद्ध शब्द सोसत नाहीं. "तो झाड नव्हे, तें झाड. पांढरें झालें," असें सांगून आम्हीं त्याच्याकडून तीन वेळां म्हणवून घेतलें. पुढें झाडें पुष्कळ आलीं; परंतु बाळ जें काय बोलला तें बापाशीं, आणि जर्मन भाषेंत. आमचें कुटुंब हळूच म्हणालें, "अहो, शाळा सुटून किती वर्षें झालीं तुमची?" आम्हीं वर्तमानपत्र उघडलें.

नगरांत पोंचलों तों दुपार झाली होती. थंडी शून्याच्या आसपास. एका जाड कोटापेक्षां तीन पातळ कपडे एकावर एक घालावे, म्हणजे घरांत शिरतांच काढतां येतात, हा सूनबाईंचा उपदेश फार उपयोगी पडला. सहा वर्षांखालील मुलास तेथील ट्रामला तिकीट लागत नाहीं. जुना कोट पाडून त्याच्या जागीं मोठा रस्ता करावा अशी आज्ञा बादशहा फ्रान्झ योसेफ यांनीं सन १८५७ मध्यें दिली; त्या रिंग नांवाच्या रस्त्यानें ट्राममधून जातां राजवाडे, नाट्यगृहें, विद्यापीठ हीं उबेंत बसूनच पाहतां येतात. गांवाच्या मध्यभागीं संत स्टीफनचें प्रार्थनामंदिर आहे. त्याचा दक्षिण मनोरा सुमारें १३६ मीटर उंच. एप्रिल १९४५ मध्यें आगींत त्याचें छप्पर जळालें. पुढें तें नव्यानें उभारून सन १९५२ मध्यें मंदिर पुन्हां पूर्णपणें उघडण्यांत आलें. हें सर्व आम्हीं बाळास सांगत होतों. तो मात्र कोपऱ्यावरच्या शेगडीवाल्याकडे पाहत होता. तेथें चेस्टनट भाजून कागदी पुडींत देतात. चव रताळें व शिंगाडा यांच्या मधली. शाकाहारी माणसास सोयीचीं, आणि हातही शेकले जातात. चार वाजतांच अंधार पडला व आम्ही मुक्कामीं परतलों.

रात्रीं बाळ निजल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, जर्मन भाषेंतही तीन लिंगें आहेत. झाड तिकडे पुल्लिंगी, चर्च स्त्रीलिंगी, आणि मुलगी तर चक्क नपुंसकलिंगी. शाळेंत तो तेंच ऐकतो." आम्ही चमकलों. संस्कृतांत वृक्ष पुल्लिंगीच नव्हे काय? पत्नीवाचक 'दार' शब्द पुल्लिंगी आणि 'कलत्र' नपुंसकलिंगी, हें आम्हींच शेंकडों मुलांकडून घोकून घेतलें. स्वतःच्या पत्नीस 'आमचें कुटुंब' म्हणणाऱ्यानें पोरास काय हंसावें! उरलेल्या दोन दिवसांत व्याकरण काढावयाचें नाहीं, असें आम्हीं मनाशीं ठरविलें.

दुसरे दिवशीं सकाळीं सन १८८९ मध्यें उघडलेलें निसर्गविज्ञानाचें संग्रहालय पाहिलें. एकोणीस वर्षांखालील मुलांस तेथें प्रवेश मोफत आहे. सन १९०८ मध्यें विलेंडॉर्फ गांवीं सांपडलेली चुनखडीची स्त्रीमूर्ति येथेंच आहे. उंची अवघी ११ सेंटिमीटर, वय सुमारें तीस हजार वर्षें. बाळानें आपली वीत कांचेसमोर धरली व "माझ्या हाताएवढी!" असें तो पुटपुटला. ट्रेनपासूनचा हा त्याचा पहिला मराठी उद्गार. मुलाबरोबर सकाळीं एक व दुपारनंतर एक, याहून अधिक स्थळें पाहूं नयेत, हा आमचा अनुभव आहे.

दुपारीं टाऊन हॉलपुढें नाताळचा बाजार पाहावयास गेलों. शेजारींच विद्यापीठाची इमारत. तिच्या दर्शनाची आम्हांस फार दिवसांची इच्छा होती; कारण डॉ. जॉर्ज ब्यूलर यांनीं येथेंच अध्यापन केलें. हा जर्मन पंडित सन १८६३ मध्यें मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत आला व सतरा वर्षें इकडे राहिला. त्यानें सरकारसाठीं जमविलेल्या पोथ्यांपैकीं कित्येक आज पुण्याच्या भांडारकर संस्थेंत आहेत. मुंबई इलाख्यांतील न्यायालयांच्या शास्त्र्यांनीं दिलेल्या व्यवस्थांवरून त्यानें वेस्ट यांच्यासह हिंदु धर्मशास्त्राचा संग्रह सिद्ध केला. पुढें तो व्हिएन्नास गेला, आणि सन १८९८ मध्यें कॉन्स्टन्स सरोवरांत बुडून वारला. आम्हीं पायऱ्यांपाशीं हात जोडले. बाळानें विचारलें, "कोणाला नमस्कार केला?"

आम्हीं थोडक्यांत सांगितलें. तो विचार करूं लागला. "मग त्यांना संस्कृत कोणी शिकवलं?"

"प्रथम त्यांच्या देशांतल्या गुरुजींनीं. मग आपल्याकडच्या शास्त्रीबुवांबरोबर बसून तें पक्कें झालें."

"आणि ते चुकले तर शास्त्रीबुवा रागवायचे?"

चिरंजीव बाजाराकडे पाहूं लागले. आम्हीं म्हटलें, "नसतील रागावले, बाळ. रागावले असते तर ते त्यांच्याजवळ बसलेच नसते." मग आम्ही दोघे दिव्यांनीं लखलखणाऱ्या त्या बाजारांत गेलों. पाट्या तो वाचून सांगत होता, आम्ही ऐकत होतों. आमचे उच्चार त्यानें चार वेळां सुधारले.

तिसरे दिवशीं प्राटर उद्यानांतला प्रचंड पाळणा. सन १८९७ चा, उंची सुमारें ६५ मीटर. महायुद्धांत १९४४ सालीं तो जळाला. १९४७ सालीं पुन्हां फिरूं लागला तेव्हां तीसऐवजीं पंधराच डबे लाविले. डबा सावकाश वर चढला. बाळानें आमचा हात घट्ट धरला व दूर बोट दाखविलें. "आजोबा, ती चर्च केवढी छोटी झाली!"

"हो रे," आम्ही म्हणालों, "केवढी छोटी झाली!"

कुटुंबानें आमच्याकडे पाहिलें, परंतु कांहीं बोललें नाहीं. परतीच्या गाडींत बाळ साल्झबुर्ग येईपर्यंत आमच्याशीं बोलत होता, आणि तें सर्व मराठींत.